एका पेशीतून डोळा, हाड आणि हृदय कसं घडतं?

तुमच्या शरीराची सुरुवात एकाच पेशीपासून झाली. त्या पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पुढे त्यांतल्या काही पेशींपासून हृदय बनलं, काहींपासून हाडं, तर काहींपासून डोळे. पण कोणत्या पेशीने काय व्हायचं, हे कोण ठरवतं?

पुस्तक एक, पानं वेगळी

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. पाककृतींचं एकच पुस्तक अनेक घरांत असावं, तसंच हे आहे. एका घरात पुरणपोळीचं पान उघडतात, दुसऱ्या घरात सांबाराचं. पेशीही आपल्याला हवी तीच जनुकं चालू करते आणि बाकीची बंद ठेवते.

काही जनुकं तर मुकादमासारखी असतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिनं इतर अनेक जनुकं चालू किंवा बंद करतात. शिवाय शेजारच्या पेशींकडूनही इशारे मिळत असतात. त्यामुळे आपण कुठे आहोत आणि काय बनायचं आहे, हे पेशीला कळतं.

चार पंखांची माशी

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिमुकली फळमाशी तुम्ही पाहिली असेल. तिला दोन पंख असतात. त्यांच्या मागे, उडताना तोल सांभाळणारे दोन छोटे अवयव असतात. ‘यूबीएक्स’ नावाच्या जनुकाने तिथे आपलं काम केलं नाही, तर त्या अवयवांच्या जागी आणखी दोन पंख येतात! अशा जनुकांवरच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या एडवर्ड लुईस यांना १९९५ मध्ये, आणखी दोघांसोबत, नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे प्रा. एल. एस. शशिधर यांनी पुण्याच्या ‘आयसर’मध्ये याच जनुकाचा अभ्यास केला.

माणसातही असे मुकादम आहेत. ‘पॅक्स-६’ हे त्यांपैकी एक. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तर बाळाच्या डोळ्यातला रंगीत पडदा नीट तयार होत नाही.

पहिले २८ दिवस

हे सगळं काम ठरलेल्या वेळी व्हावं लागतं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. ती उघडी राहिली, तर बाळाच्या मेंदूत किंवा कण्यात गंभीर दोष राहतो. अशा जन्मजात दोषांची देशभरातून नोंद ठेवण्याचं काम चेन्नईच्या फीटल केअर रिसर्च फाउंडेशनने २००१ मध्ये सुरू केलं.

या दोषाला फक्त जनुकं कारणीभूत नसतात. भराभर वाढणाऱ्या पेशींना फोलिक ॲसिडचीही गरज असते. ज्या स्त्रियांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यावर दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, असं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात देशांतल्या अभ्यासात दिसलं.

तुम्ही काय करू शकता?

२८ दिवस उलटेपर्यंत आपल्याला दिवस गेले आहेत, हे अनेकींना माहीतही नसतं. म्हणून बाळाचा विचार करत असाल, तर आधीच डॉक्टरांना भेटा. सहसा रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात असा दोष असेल, तर डॉक्टर जास्त मात्रा देतात; ती स्वतःहून ठरवू नका. आणि घरात नुकतंच लग्न झालेलं कुणी असेल, तर ही माहिती त्या दोघांनाही सांगा.