विश्लेषण : लाडबोरीत पडली ती उल्का नव्हती, हे कसे ठरले?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना दिसले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी सापडली. पुढे आसपासच्या गावांत पोकळ गोळेही मिळाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

उल्कापात का नाही?

पहिला पुरावा लोकांच्या मोबाइलमध्येच होता. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास, तीही तिरकी उतरते. म्हणून ती बराच वेळ दिसते, तुटते आणि तुकडे एकामागोमाग जात राहतात. व्हिडिओत नेमके हेच होते.

मग रॉकेट कोणते?

अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी त्याच दिवशी अंदाज वर्तवला : फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. तो त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि मार्गही जुळत होता. पोकळ गोळे म्हणजे रॉकेटमधील दाबाखालचा वायू साठवणाऱ्या टाक्या. उष्णता सोसणाऱ्या साहित्यामुळे त्या अनेकदा जळून न जाता खाली येतात.

लघुग्रहाची खात्री कशी होते?

तत्त्व तेच, फक्त धीर जास्त लागतो. हौशी निरीक्षक आणि विद्यार्थी ‘आंतरराष्ट्रीय खगोल शोध सहकार्य’ या उपक्रमात हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे तपासतात. आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकामागोमाग पाहायची. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रहाचा ठिपका सरकतो. नोंद अमेरिकेतील मायनर प्लॅनेट सेंटरकडे जाते. एका रात्रीच्या ठिपक्यावर कोणी शिक्का मारत नाही. पुन्हा निरीक्षण झाले तर तात्पुरता क्रमांक मिळतो आणि कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला बहुधा काही वर्षे जातात.

लाडबोरीत घर पडले असते तर?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशाची. चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. मात्र दावा गावकऱ्याला नव्हे, त्याच्या सरकारला करावा लागतो. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. तीही १९८१ मध्ये.