‘पॉज’ कुणी करायचं?

अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग असलेली मांजर दिसली, की ती मादी आहे असं बेधडक सांगावं. चुकण्याची शक्यता फारच थोडी. केस काळे की नारिंगी हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे एक्सची जोडी असल्यामुळे तिच्या अंगावर दोन्ही रंग येऊ शकतात. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे दोहोंपैकी एका रंगावर त्याला भागवावं लागतं.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या शाना कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच व्हिडिओवर शिकवून पाहिलं. २०१३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मजकूर तोच, शिकवणारी व्यक्तीही तीच. एका व्हिडिओत ती ताठ उभी राहून, कॅमेऱ्याकडे बघत अस्खलित बोलते. दुसऱ्यात मान खाली घालून, अडखळत कागद वाचते. मग विद्यार्थ्यांना विचारलं, यातलं किती आठवेल? अस्खलित व्हिडिओ पाहिलेली मुलं भलतीच खात्रीत होती. प्रत्यक्ष लिहायला बसवलं, तर दोन्ही गटांची मजल जवळपास सारखीच!

ऑनलाइन अभ्यासाची मेख इथेच आहे. रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमध्ये गोंगाट नसतो, आकृत्या सुबक असतात, सगळं पटत जातं. पुरणपोळीच्या व्हिडिओतली पोळी कधी फाटत नाही. फाटते ती आपल्या पोळपाटावर. वर्गात सर मध्येच थांबून ‘शेवटचा बाक, सांग बरं’ म्हणत. त्या धास्तीलाही काही किंमत होती, असं आता म्हणावं लागतं. स्क्रीन कुणाला उठवून उभं करत नाही.

हार्वर्डच्या डॅनियल शॅक्टर यांच्या गटाने ही धास्ती व्हिडिओत घालून पाहिली. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं लेक्चर, त्याचे चार तुकडे. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटे प्रश्न सोडवायला दिले, इतरांना नाही. प्रश्न नसलेल्यांना मध्येच ‘आत्ता लक्ष कुठे आहे?’ असं विचारलं, तर साधारण ४० टक्के वेळा ते भलतीकडेच होतं. प्रश्न सोडवणाऱ्यांचं हे प्रमाण निम्म्यावर आलं. शिवाय त्यांनी नोट्स जास्त काढल्या, शेवटच्या परीक्षेत गुण जास्त मिळवले, आणि परीक्षेचं दडपणही त्यांना कमी वाटलं.

मग समजलं नाही म्हणून लेक्चर पुन्हा बघण्यात काय वाईट? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये हा प्रश्न छापील उताऱ्यांवर तपासला होता. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने पारडं फिरलं: त्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून पाहणाऱ्यांना ५६.

आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं ‘स्वयम्’वर एनपीटीईएलचे कोर्स करतात, त्यांनी हा आठवडा ध्यानात ठेवावा. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारणपणे उत्तम आठ असाइनमेंटच्या सरासरीचं वजन २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचं ७५. असाइनमेंटची उत्तरं शेवटच्या रात्री टेलिग्रामवरून उतरवण्याचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे. त्यात पंचवीस टक्के पदरात पडतात, पण आठवून पाहण्याची आयती संधी जाते, आणि पंचाहत्तर टक्क्यांची तयारी तिथेच होणार असते.

थर्मोडायनॅमिक्सचं लेक्चर चालू आहे, सरांनी कार्नो चक्र समजावलं. इथे पॉज. स्क्रीन झाकायची आणि कोऱ्या पानावर दाब-आकारमानाची आकृती काढायची. पहिली रेघ झोकात येते. दुसरीशी पेन अडखळतं: अ‍ॅडियाबॅटिक रेघ आयसोथर्मलपेक्षा जास्त उभी की कमी? व्हिडिओ मागे न्यायचा तो एवढ्यापुरताच. उभीच असते, कारण बाहेरून उष्णता मिळत नसल्याने प्रसरण पावताना वायूचं तापमानही उतरतं आणि दाब झपाट्याने पडतो. दर पाच-सात मिनिटांनी असं थांबलं, तर अर्ध्या तासाच्या लेक्चरला पाऊण तास सहज लागतो. लागू दे. तोच धडा चार दिवसांनी पुन्हा कोऱ्या पानावर काढावा. त्याच दिवशी लागोपाठ दोनदा काढण्यापेक्षा हे जास्त टिकतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, हे घरचे सांगतातच.

राहिला दुप्पट वेग, ज्यावरून घरोघरी वाद होतात. पालकांना तो शुद्ध टंगळमंगळ वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांना मात्र दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारसा फरक दिसला नाही. अडीचपटीला गुण घसरले. वाचलेल्या वेळात तोच व्हिडिओ लगेच दुसऱ्यांदा बघूनही हाती काही लागलं नाही. ती दुसरी फेरी परीक्षेच्या तोंडावर ठेवली, तेव्हा फायदा झाला. अर्थात हे आधी एकदा पाहिलेल्यांसाठी. १२ आठवड्यांच्या कोर्सची लेक्चर साधारण ३० तासांची असतात. दुप्पट वेगानेही १५ तास लागतात, त्यामुळे आदल्या रात्रीचा बेत तसाही जमणारा नाही.