विश्लेषण : घर बदलल्यावर लव्हबर्ड इतका का ओरडतो? नव्या फ्लॅटमध्ये त्याला रुळवायचे कसे?

भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपला किंवा इमारत पुनर्विकासाला गेली, की सामानाबरोबर पिंजराही नव्या पत्त्यावर जातो. पहाटेपासून कर्कश ओरडणे सुरू होते, शेजारी बेल वाजवतात आणि आठवडाभरात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय निघतो. मग ‘कुणाला तरी देऊन टाका’ किंवा ‘सोडून द्या’ असे सल्ले मिळू लागतात. पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्याला बाहेर अन्न शोधता येत नाही आणि कावळे-मांजरांपासून जीव वाचवता येत नाही. त्याला सोडून देणे म्हणजे मरणाच्या दारात ढकलणेच. ओरडण्याचे कारण समजले, तर बहुतेक वेळा ती वेळ येत नाही.

घरातला पक्षी खरेच लव्हबर्ड आहे का?

आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानांत बजरीगर या ऑस्ट्रेलियन पक्ष्यालाही सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. बजरीगर सडपातळ असतो, शेपटी लांब असते आणि डोक्या-पाठीवर बारीक पट्टे असतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. आखूड शेपटी, गुबगुबीत अंग, मोठी चोच आणि वजन साधारण ५० ग्रॅम. त्याच्या नऊ प्रजाती आहेत. पाळलेल्यांत गुलाबी चेहऱ्याचा, फिशर्स आणि मास्क्ड हे तीन प्रमुख. बजरीगर दिवसभर हळू आवाजात कुजबुजत राहतो, लव्हबर्डची हाक मात्र तीक्ष्ण आणि भिंतीपलीकडे जाणारी असते.

तो ओरडतो कशासाठी?

लव्हबर्ड थव्याने राहतात. झाडीत एकमेकांपासून दिसेनासे झाले की हाक देतात, दुसऱ्याची हाक आली की निश्चिंत होतात. ही एक प्रकारची हजेरीच. पहाटे थवा निघताना आणि सूर्यास्ताला परतताना ती सर्वात जोरात असते. घरात माणसे हाच त्याचा थवा. जुन्या घरात स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज, दुपारची शांतता, संध्याकाळी दार उघडण्याची वेळ हे त्याच्या ओळखीचे असते. नव्या घरात या सगळ्या खुणा एकदम नाहीशा होतात. त्यामुळे ‘सगळे कुठे आहेत?’ हा प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

पिंजरा कुठे ठेवावा?

घरातली माणसे ज्या खोलीत जास्त वेळ असतात, तिथे. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असावी. चारही बाजूंनी उघड्यावर ठेवलेला पक्षी सतत सावध राहतो. खिडकीच्या अगदी समोर ठेवू नये, कारण उंच मजल्यांवरून घारी आणि कावळे जवळून दिसतात. उंची साधारण माणसाच्या छातीइतकी असू द्यावी.

नवीन घर म्हणून नवा पिंजरा, नव्या वाट्या आणि नवी खेळणी आणण्याचा मोह पहिले दोन आठवडे टाळावा. जुनी दांडी, जुनी वाटी आणि नेहमीचेच खाणे हाच त्याच्यासाठी ओळखीचा भाग असतो. खाणे, पिंजऱ्याबाहेर सोडणे आणि झोप यांच्या वेळाही जुन्या घरातल्याच ठेवाव्यात.

झोपेचा आवाजाशी काय संबंध?

लव्हबर्डला रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. हॉलमध्ये रात्री बारापर्यंत टीव्ही सुरू असेल आणि पहाटे सहाला उजेड आला, तर त्याची झोप निम्मीच होते. असा पक्षी दिवसभर चिडचिडा राहतो आणि चावतोही. संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्याला शांत खोलीत न्यावे किंवा पिंजऱ्यावर हवा खेळती राहील असे सुती कापड टाकावे. खोलीला जाड गडद पडदा असेल, तर सकाळची पहिली हाकही उशिरा येते. दिवसा मात्र ओरडण्याची शिक्षा म्हणून पिंजरा झाकू नये.

ओरडू लागला की काय करावे?

ओरडल्यावर धावत जाणे आणि त्याच्यावर ओरडणे, या दोन्हींतून पक्षी एकच गोष्ट शिकतो : जोरात ओरडले की माणूस प्रतिसाद देतो. त्याऐवजी एक छोटी शीळ किंवा ‘आलो हं’सारखा एकच शब्द ठरवावा. तो हळू आवाजात बोलेल, तेव्हा लगेच त्याच शिळेने उत्तर द्यावे. खोलीतून बाहेर जातानाही शीळ द्यावी. कर्कश ओरडण्याला मात्र प्रतिसाद देऊ नये आणि क्षणभर शांत झाला की जवळ जावे. सुरुवातीचे काही दिवस आवाज उलट वाढतो, कारण पूर्वी चाललेला उपाय तो अधिक जोर लावून करून पाहतो. नेमके याच टप्प्यावर कंटाळून घरातले कुणीतरी धावत जाते आणि मेहनत वाया जाते. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा.

सकाळ-संध्याकाळच्या हाकेच्या वेळेआधी चोचीला काम द्यावे. बाजरीचे कणीस, कागदात गुंडाळलेले दाणे किंवा फाडायला साधा कोरा कागद दिला तरी चालतो. ‘जोडीदार आणला की गप्प बसेल’ हा मात्र गैरसमज आहे. दोघे एकमेकांना हाका मारतात, कधी जीवघेणी भांडणेही होतात.

शेजाऱ्यांपर्यंत आवाज कमी कसा पोहोचेल?

रिकाम्या फ्लॅटमध्ये टाइल्स, कोऱ्या भिंती आणि काचा आवाज परतवतात, म्हणून तीच हाक अधिक मोठी वाटते. गालिचा, सोफा, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट हा घुमणारा आवाज शोषतात. लव्हबर्डची हाक उंच पट्टीची असल्याने त्यावर कापडाचा परिणाम चांगला होतो. आवाज १० डेसिबलने घटला, तर कानाला तो साधारण निम्मा वाटतो.

पण पडदा आवाज शोषतो, पूर्णपणे अडवत नाही. शेजाऱ्यांकडे आवाज जातो तो मुख्यतः फटींतून. मुख्य दाराखालची फट, सरकत्या खिडक्या आणि बाथरूमचा डक्ट हे त्याचे मार्ग. त्यामुळे पिंजरा सामाईक भिंत, मुख्य दार आणि डक्टपासून दूर ठेवावा, सकाळच्या त्या अर्ध्या तासात खिडकी बंद ठेवावी. तक्रार येण्याआधीच शेजाऱ्यांना भेटून ‘पक्षी नवीन आहे, रुळायला थोडे दिवस लागतील’ असे सांगितले, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

नव्या घरात धोके कोणते?

पक्ष्यांची फुप्फुसे हवेतील विषारी घटक झपाट्याने शोषतात. नॉनस्टिक तवा जास्त तापला, तर त्याचा धूर काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेऊ शकतो. ताजा रंग, पॉलिश, पेस्ट कंट्रोल, डासांची कॉइल, अगरबत्ती आणि धूप यांपासूनही त्याला दूर ठेवावे. रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच पक्षी नव्या घरात आणावा. पिंजऱ्याबाहेर सोडण्यापूर्वी पंखे बंद आणि खिडक्यांना जाळी हवी.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपला देशी पोपट पाळता येत नाही. लव्हबर्ड विदेशी असल्याने ती बंदी त्याला लागू नाही. मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार, सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील विदेशी प्राणी-पक्ष्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी आवश्यक आहे. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले फिशर्स आणि मास्क्ड लव्हबर्ड या यादीत येतात, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड येत नाही.

शांतता कधी चिंतेची?

ओरडणारा लव्हबर्ड त्रासदायक असला, तरी बहुधा ठणठणीत असतो. नेहमी बोलका असलेला पक्षी अचानक गप्प झाला, पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, खाणे सोडले किंवा श्वास घेताना त्याची शेपटी वर-खाली होऊ लागली, तर ‘रुळला एकदाचा’ असे समजू नये. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे.