यंत्रमानवाचा तोल

दोन चाकांवर आपला तोल आपण सांभाळणारा छोटा यंत्रमानव तयार करणे, हा विद्यार्थ्यांचा आवडता छंद होऊन बसला आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१२ पासून 'ई-यंत्र' स्पर्धा भरवून अशा छंदांस उत्तेजन दिले आहे. परंतु नवशिक्याचा यंत्रमानव पुष्कळदा क्षणभर नीट उभा राहतो, मग एकाच बाजूस सरकू लागतो आणि अखेर कोसळतो. असे का व्हावे?

यंत्रमानवास कलण्याची जाणीव देणारे इंद्रिय म्हणजे जायरोस्कोप. फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली आपल्या फिरत्या चाकाच्या उपकरणास हे नाव दिले. आजच्या चिपमध्ये चाक नसते; सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो, व चिप वळताच त्याचा कंप आडवा ढळतो. 'एमपीयू-६०५०' ही प्रसिद्ध चिप अवघी ४ मिलिमीटर लांब-रुंद आहे.

जायरोस्कोप कलण्याचा वेग सांगतो. कोन मात्र त्या वेगाची क्षणोक्षणी बेरीज करून काढावा लागतो. बेरजेबरोबर चूकही साठत जाते. सेकंदाला एक दशांश अंशाची चूक मिनिटाअखेर ६ अंशांची होते, आणि ताठ उभा असलेला यंत्रमानव आपण कललो असे समजून धावू लागतो.

ह्यावर उपाय गवंड्याच्या ओळंब्याचा. त्याच चिपमधील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवितो व त्याची चूक साठत नाही. तथापि धक्क्याने तो फसतो. देवनारकरांच्या गोवंडी स्थानकातून लोकल सुटताच डब्यातील लोंबत्या कड्या मागे झुकतात. त्या क्षणी त्यांवरून सरळ खालची दिशा ठरविणारा चुकणारच.

म्हणून दोघांची साक्ष एकत्र घ्यावी. सेकंदास शंभर वेळा कोन काढताना जायरोस्कोपच्या हिशेबास ९८ टक्के व ओळंब्यास २ टक्के मान देण्याची रीत रूढ आहे. आरंभी यंत्रमानव निश्चल ठेवून काहीशे नोंदींची सरासरी काढावी आणि ती पुढील प्रत्येक नोंदीतून वजा करावी. ही सरासरी उष्णतेने बदलते, म्हणून तेवढ्यावर विसंबून ओळंबा सोडू नये.

यंत्रमानव डावीउजवीकडे किती वळला, ह्याविषयी मात्र ओळंबा मुका असतो. तेथे होकायंत्र लागते. आणि तेही मोटारीतील लोहचुंबकापासून दूर बसवावे लागते.