घरी येणार विजेची मोटार

समजा, चंद्रपूरच्या पठाणपुरा दरवाजाजवळच्या एका गल्लीत तुमचे मामू राहतात. त्यांनी विजेवर चालणारी मोटार नोंदवली आहे. गाडी तीन आठवड्यांनी नागपूरहून आणायची आहे. मुले रंगावरून भांडत आहेत. मामी शेजाऱ्यांना कोणती मिठाई वाटायची याचा विचार करीत आहेत. मामूंना वाटते, आता फक्त वाट पाहायची!

पण तसे नाही. पेट्रोलची गाडी घेणाऱ्याला पेट्रोलपंप बांधावा लागत नाही. तो गावात असतोच. विजेच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. तिचा पंप मामूंना आपल्याच घरी उभारायचा आहे. तो कसा उभारतात आणि त्यात चूक झाली तर काय होते, ते आपण पाहू या.

विजेची मोटार ही काही कालची गोष्ट नव्हे. १८९९ मध्ये फ्रान्समध्ये एका विजेच्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला. तोपर्यंत कोणतीही मोटार इतक्या वेगाने धावली नव्हती. पुढे पेट्रोलचे इंजिन सुधारले. १९१२ मध्ये ते बटणाने सुरू करण्याची सोय झाली, आणि जड शिशाच्या बॅटऱ्या वाहणाऱ्या विजेच्या गाड्या मागे पडल्या. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. ती वजनाने हलकी, पण वीज साठवण्यात दांडगी. तिच्यामुळेच आज विजेच्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. ही बॅटरी घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मामूंच्या गाडीकडे वळू. तिच्या बॅटरीत ३० किलोवॅट-तास वीज मावते असे समजा. हा शब्द अवघड वाटतो, पण तो तुमच्या घरात दर महिन्याला येतो. विजेच्या बिलावर जे ‘युनिट’ छापलेले असते, तेच हे. एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट. म्हणजे मामूंच्या गाडीची टाकी ३० युनिटची आहे. लहान मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. तेव्हा भरलेल्या बॅटरीवर ती १८० ते २१० किलोमीटर जाईल. कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा याहून मोठा असतो. तो ठरावीक चाचणीत मिळालेला असतो. आपल्या रस्त्यावर, मे महिन्यात, वातानुकूलन चालू ठेवून तो मिळेल असे धरू नये.

ही टाकी भरायला किती वेळ लागेल? घरात इस्त्रीसाठी किंवा गिझरसाठी जो मोठा सॉकेट असतो, त्याला लोक ‘पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग’ म्हणतात. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. २३० ला १५ ने गुणले की ३४५० वॅट येतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोवॅट. ३० युनिट भरायला नऊ-दहा तास लागतील. रात्री नऊला लावली की सकाळी गाडी तयार. भिंतीवर बसवायची चार्जरची पेटीही मिळते. ती ३२ अँपिअर घेते आणि सात किलोवॅटच्या वर वीज देते. तिने निम्म्या वेळात काम होते. पण ही पेटी घेण्याआधी एक प्रश्न विचारावा : आपली गाडी इतक्या वेगाने वीज घेऊ शकते का? काही लहान गाड्या साडेतीन किलोवॅटच्या वर घेतच नाहीत. अशा गाडीसाठी मोठी पेटी बसवणे म्हणजे बारीक तोंडाच्या बाटलीवर मोठा नळ सोडण्यासारखे आहे.

येथे आणखी एक गंमत आहे. घरातल्या विजेचा प्रवाह एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे होतो. त्याला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. बॅटरीत मात्र एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे दिष्ट प्रवाह भरावा लागतो. हे रूपांतर करणारे यंत्र गाडीतच बसवलेले असते. हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चंद्रपुरातच चालते. महाऔष्णिक विद्युत केंद्राजवळून मुंबईकडे, पडघ्यापर्यंत, ७५२ किलोमीटर लांबीची एक वाहिनी जाते. ती १९९९ पासून काम करीत आहे. तिच्यातून दिष्ट प्रवाह पाठवतात, कारण इतक्या लांबवर त्याची गळती कमी होते. चंद्रपूरला प्रत्यावर्ती प्रवाहाचा दिष्ट प्रवाह करतात, आणि पडघ्याला तो पुन्हा उलटा बदलतात. मामूंच्या गाडीतले छोटे यंत्र यातले पहिले काम करते.

मामूंनी वायरमनला बोलावले. त्याने घर पाहिले आणि मान हलवली. का बरे? तारा जुन्या होत्या. इस्त्री दहा मिनिटे चालते, गिझर पंधरा मिनिटे. तार थोडी तापते आणि थंड होते. गाडी मात्र रात्रभर, एकही क्षण न थांबता, पूर्ण प्रवाह ओढते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असला तर तेथे उष्णता साठते. आधी प्लॅस्टिक पिवळे पडते, मग वितळते, आणि घरची माणसे तेव्हा झोपेत असतात. विजेच्या गाडीची भीती बाळगणारे लोक बॅटरीच्या आगीविषयी बोलतात. माझ्या मते घरातल्या स्वस्त सॉकेटची भीती आधी बाळगावी.

म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत एक वेगळी तार टाकतात. त्या तारेवर दुसरे काहीही जोडत नाहीत. पंधरा अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आणि ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तार सहसा वापरतात. अंतर जास्त असले तर त्याहून जाड घेतात. या तारेला स्वतःचा एम.सी.बी. असतो. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तो खटका पाडतो. त्याच्या जोडीला आर.सी.सी.बी. लावतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज सारखी आहे की नाही, यावर तो लक्ष ठेवतो. फक्त ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या अंगातून जमिनीत जात असली, तर तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. ही वस्तू पैसे वाचवण्यासाठी वगळण्याची नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच वापरू नये.

मीटरचाही विचार करावा लागतो. प्रत्येक घराला महावितरणने ठरावीक भार मंजूर केलेला असतो. तो बिलावर लिहिलेला असतो. मामूंच्या बिलावर दोन किलोवॅट होते. गाडीला एकटीलाच साडेतीन लागणार. तेव्हा भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करणे आले. अर्ज मंजूर होऊन काम व्हायला दिवस लागतात. म्हणूनच ही कामे गाडी येण्याआधी करायची, आल्यावर नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिला वायरमन ‘अर्थिंग’ म्हणतात. अर्थिंग म्हणजे घराच्या विजेला जमिनीशी जोडणे. ‘जमीन’ हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. ‘खर्च’, ‘हिशेब’, ‘तयारी’ हेही तसेच. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला सोपा रस्ता हवा. तो नसला तर गाडीला हात लावणारे मूल तिचा रस्ता होते. त्यासाठी अंगणात खोल खड्डा करून त्यात नळी किंवा पत्रा पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ भरतात. मीठ आणि ओल यांच्यामुळे माती वीज चांगली वाहून नेते.

आपल्या भागात अडचण येते ती उन्हाळ्यात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. जमीन कोरडीठाक होते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी होऊ शकते. गाडीच्या चार्जरला हे कळते. तो लाल दिवा लावतो आणि वीज घेण्याचे नाकारतो. मालकाला वाटते, नवी गाडी बिघडली! प्रत्यक्षात गाडी शहाणपणाने वागत असते. अशा वेळी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले की अनेकदा काम होते. त्या खड्ड्याचे तोंड फरशीखाली बुजवून टाकणारे लोक मग पस्तावतात. तपासणीसाठी वायरमन मीटर लावतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब शून्याच्या जवळ असायला हवा. ही तपासणी तुम्ही स्वतः करू नका. फक्त ती केली का, एवढे मोठ्यांना विचारा.

जागेचाही प्रश्न आहे. परकोटाच्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. कित्येकांच्या दारात गाडी उभी राहत नाही. मग लोक खिडकीतून केबल काढून गल्लीपलीकडे नेतात. तिच्यावरून सायकली जातात, गुरे जातात, पावसाचे पाणी वाहते. हे धोक्याचे आहे. गाडीची केबल पाऊस सोसते, पण जोडणीचा सॉकेट पाण्यात बुडता कामा नये. २०२२ च्या जुलै महिन्यात पुराचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले होते. अशा वस्तीत सॉकेट किती उंचीवर बसवायचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. पुराची खूण भिंतीवर कोठपर्यंत आली होती ते त्यांना आठवत असते.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर गाडी भरता येईल का, असे मामूंच्या मुलाने विचारले. हिशेब करून पाहा. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची आणि १५० अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास येतात, म्हणजे दोन युनिटही नाहीत. गाडीला हवेत ३०! अशा सोळा-सतरा बॅटऱ्या लागतील. वीज येईपर्यंत थांबणे हाच उपाय. वीज आली की गाडी सहसा आपोआप पुन्हा भरू लागते.

खर्चाचे काय? मामू महिन्याला सुमारे ९०० किलोमीटर फिरतात. त्याला साधारण १४० युनिट लागतील. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १५० ते १६० दिसतील. पेट्रोलच्या गाडीला याच अंतरासाठी ६० लिटर लागले असते. पण घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटच्या पुढे तो बराच वाढतो. घराचा वापर ११० युनिटचा असेल, तर गाडीचे सगळे युनिट महाग टप्प्यात पडतील. कागद-पेन्सिल घेऊन घरच्या बिलावरून हा हिशेब मांडून पाहा. २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली. दिवसा सूर्यापासून भरपूर वीज मिळते, हे त्याचे कारण. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी भरणे फायद्याचे ठरते.

ही वीज येते कोठून? चंद्रपूरकरांना हे सांगायला नको. ऊर्जानगरच्या उंच चिमण्या दूरवरून दिसतात. एक युनिट वीज बनवायला सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे मामूंची गाडी महिन्याला एक क्विंटलहून अधिक कोळसा खाईल. गाडीच्या मागे धूर निघणार नाही हे खरे, पण तो आपल्याच जिल्ह्यात दुसरीकडे निघेल. मात्र पेट्रोलचे इंजिन इंधनातली बरीचशी शक्ती उष्णतेत घालवते, आणि विजेची मोटर फारच थोडी घालवते. शिवाय छतावर सौर पट्ट्या लावल्या तर कोळशाचा वाटा कमी होतो. ज्या शहराची हवा प्रदूषणासाठी देशभर ओळखली जाते, तेथे हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

गाडी आणायचा दिवस उजाडला. नागपूर ते चंद्रपूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून बॅटरी पूर्ण भरून ठेवा, असे मामूंनी विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगितले. कागदपत्रे आणि विमा त्यांनी पाहिला. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे आहेत ना, तेही पाहिले. विजेच्या खाजगी गाडीची हीच खूण. मग त्यांनी डिकी उघडून घरी लावायची केबल आहे की नाही ते पाहिले. केबल तेथेच लावून दाखवा, असा आग्रह धरला. गाडीला लावलेली तिची मूठ अडकली तर हाताने कशी सोडवायची, हेही शिकून घेतले. बॅटरीची हमी सहसा आठ वर्षांची असते. तिच्या अटी मामूंनी तेथेच बसून वाचल्या. विक्रेत्याला घाई होती. मामूंना नव्हती.

पुढच्या महिन्यात मामूंना सिरोंच्याला एका लग्नाला जायचे आहे. गडचिरोलीपर्यंतचे ऐंशी किलोमीटर जाऊन-येऊन एका भरण्यात होतात. सिरोंचा मात्र आलापल्लीच्या जंगलापलीकडे, चंद्रपूरपासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. वाटेत बॅटरी संपली तर कॅनमधून वीज आणून ओतता येत नाही. तेव्हा मामूंनी आलापल्लीच्या एका नातेवाइकांना फोन केला. रात्रीच्या मुक्कामाचे ठरले. जेवणाचेही ठरले. मग मामूंनी शेवटी विचारले, “तुमच्या घरी अर्थिंग आहे ना?”