लहान न्हाणीघर आणि मोठें कुटुंब

घर बांधावयाचें किंवा विकत घ्यावयाचें ठरलें, म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्याची चर्चा महिनाभर चालते. स्वयंपाकघराविषयीं गृहिणींचें मत निदान विचारलें तरी जातें. परंतु न्हाणीघराचा विषय निघतो तो बहुधा फरशीच्या रंगापुरताच. घरांतील प्रत्येक मनुष्याला, मग तें तान्हें मूल असो कीं ऐंशी वर्षांची आजी, ज्या एका खोलीवांचून एकही दिवस काढतां येत नाहीं, तिच्याविषयीं इतकी उदासीनता कां असावी, हें एक कोडेंच आहे. स्नानाच्या वेळेविषयीं, पाण्याविषयीं आणि सोंवळ्याविषयीं आपल्या घरांतून बारीकसारीक नियम असत. स्नानाच्या जागेविषयीं मात्र कोणी फारसें बोललेलें ऐकिवांत नाहीं.

याचें एक कारण उघड आहे. जुन्या वाड्यांत जागेचा प्रश्नच नव्हता. मागच्या चौकांत आडाजवळ न्हाणी असे. तिच्या एका अंगाला बंब, दुसऱ्या अंगाला पाण्याचा हौद, मध्यें एक ऐसपैस दगड, आणि वर बहुधा मोकळें आकाश. चार माणसें एकदम आंघोळीला बसलीं तरी कोणाचें कोणाला पाणी उडत नसे. चाळींत बिऱ्हाड करणाऱ्यांना मात्र ही चैन केव्हांच नव्हती. मुंबईंत १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीच्या कोपऱ्यांतील मोरींत पडदा ओढून आठ-आठ माणसांनीं पिढ्यान् पिढ्या आंघोळी उरकल्या. आज वाडे पाडून त्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या आहेत. कुटुंब वाड्यांतलें आणि न्हाणीघर जवळजवळ मोरीएवढें, अशी अनेकांची स्थिति झाली आहे. पुढील विचार अशा कुटुंबांसाठीं आहे.

लहान न्हाणीघर ही कांहीं आजच्या काळाचीच आपत्ति आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मोहेंजोदडो येथील उत्खननांत घरोघरीं स्नानाच्या लहान जागा आढळल्या आहेत. त्यांची जमीन विटा घट्ट बसवून केलेली, तिला एका बाजूस उतार दिलेला, आणि पाणी भिंतींतून बाहेरच्या गटारांत नेलेलें. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या गवंड्यांना उतार कळत होता. आमच्या ओळखीच्या एका घरीं गेल्याच वर्षीं नव्या केलेल्या न्हाणीघरांत पाणी दाराकडे वाहतें, हें पाहिलें म्हणजे प्रगति या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदां कोशांत पाहावासा वाटतो.

आतां थोडें गणित करूं. शिक्षकाची संवय जात नाहीं, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. न्हाणीघर सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे असें धरा. जमीन झाली २४ चौरस फूट. भिंती आठ फुटांपर्यंत मोजल्या, तर त्यांचें क्षेत्रफळ १६० चौरस फूट. दाराचे सुमारें १६ वजा केले तरी १४४ उरतात. म्हणजे जमिनीच्या बरोबर सहापट. असें असूनही आपण पिंप, दोन बादल्या, कपडे भिजविण्याचें टोपलें, साबणाचा डबा, घासणी, पाट, सारें कांहीं त्या २४ फुटांतच मांडतों, आणि जागा नाहीं म्हणून तक्रार करतों. एक बादली साधारण एक चौरस फूट जागा अडविते. चार वस्तु जमिनीवरून उचलून भिंतीवर नेल्या, कीं न्हाणीघर एक-षष्ठांशानें वाढलें. यासाठीं मोठें सामान लागत नाहीं. कोपऱ्यांत कडाप्प्याच्या त्रिकोणी फळ्या एकावर एक बसवाव्या. पाट टांगण्यास मजबूत खुंटी असावी. रिकाम्या बादल्या एकींत एक घालून ठेवाव्या. भिंत नऊ इंची विटांची असेल, तर नवीन काम करतांनाच चार इंच खोलीचा कोनाडा ठेवतां येतो. साडेचार इंची भिंतींत मात्र हा मोह टाळावा, आणि सिमेंट-काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला तर छिन्नी लावूंच नये. नळ भिंतींत गाडले जात असतील, तर त्यांवर फरशी बसण्यापूर्वीं प्रत्येक भिंतीचें छायाचित्र काढून ठेवावें. पुढें खुंटी ठोकतांना नळ कोठून गेला आहे हें त्यावरून कळतें, नाहींतर एका खुंटीपायीं सारी भिंत उकरण्याचा प्रसंग येतो.

दाराकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पण माझ्या मतें लहान न्हाणीघरांत सर्वांत महत्त्वाची वस्तु तीच. दोन फुटांचें दार आंत उघडत असेल, तर तें पाव वर्तुळ फिरतें, आणि त्या पाव वर्तुळाचें क्षेत्रफळ सव्वातीन चौरस फुटांच्या आसपास भरतें. तेवढ्या जागेंत कांहीं ठेवतां येत नाहीं कीं कोणाला उभें राहतां येत नाहीं. दार बाहेर उघडणारें केलें, किंवा बाजूला सरकणारें केलें, कीं ही जागा फुकट मिळते. परंतु जागेहून मोठें असें दुसरें कारण आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री सकाळीं स्नान करतांना पाय घसरून पडल्या. कडी आंतून लावलेली, दार आंत उघडणारें, आणि त्या नेमक्या दाराला अडून पडलेल्या. बाहेर मुलगा, सून, नातवंडें उभीं. आंतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. आणि दार ढकलावें तर तें मातोश्रींच्याच अंगावर लोटावें लागणार! शेवटीं सुताराला बोलावून बिजागऱ्या काढल्या. तोंपर्यंत पाऊण तास गेला. त्या वांचल्या, परंतु खुब्याचें हाड मोडलें होतें, आणि त्या पाऊण तासांत थंड फरशीवर त्यांना काय वाटलें असेल याची कल्पना करवत नाहीं. ज्या घरांत साठी उलटलेलें कोणीही आहे, तेथें दार बाहेर उघडणारें असावें आणि कडी बाहेरूनही काढतां येईल अशी असावी. हें काम सुताराच्या एका दिवसाचें आहे.

दुसरी गोष्ट लिहितांना थोडा संकोच होतो, तरी ती लिहिलीच पाहिजे. आपल्या घरांतील सुना आणि मुली न्हाणीघरांतून बाहेर येतांना अर्धवट ओलीं वस्त्रें नेसून कां येतात, याचा विचार पुरुषांनीं क्वचितच केला असेल. कोरडें वस्त्र ठेवावयास आंत कोरडी जागाच नसते! एक दांडी असते ती नळाच्या अगदीं वर. तिच्यावर सासऱ्यांचा पंचा, मुलांचे कपडे आणि स्वतःचें लुगडें असें सर्व एकत्र, आणि तांब्या-दोन तांब्यांतच तें सारें भिजतें. मग बाहेर पाहुणे बसलेले असोत कीं दीर-भावजी, ओलेत्यानेंच खोलीपर्यंत धांव घ्यावयाची. याला जागा फारशी लागत नाहीं, थोडी सहानुभूति लागते. नळाच्या समोरच्या भिंतीवर, दाराच्या बाजूस, साडेपांच फूट उंचीवर एक फळी आणि तिच्याखालीं चार खुंट्या माराव्या. फळीला पुढें झांकण किंवा मेणकापडाचा पडदा असावा. ही जागा केवळ कोरड्या वस्त्रांची. तेथें घासणी किंवा साबण ठेवण्यास कोणालाही, घरच्या कर्त्या पुरुषालासुद्धां, परवानगी असूं नये.

एकत्र कुटुंबांत जागेइतकाच वेळेचा प्रश्न असतो. सात माणसें, प्रत्येकास पंधरा मिनिटें, म्हणजे पावणेदोन तास. शाळा आणि कचेरी यांची वेळ मात्र सर्वांची एकच. बारकाईनें पाहिलें तर त्या पंधरा मिनिटांतील निम्मा वेळ दांत घासणें, दाढी करणें, केंस विंचरणें यांतच जातो. या कामांना न्हाणीघर लागतच नाहीं. तोंड धुण्याचें भांडें, ज्याला आतां सर्वत्र बेसिन म्हणतात, तें आणि आरसा बाहेरच्या बोळांत किंवा सज्जांत नेला, कीं आंत दोन फूट जागा वाढते आणि बाहेरची रांग निम्म्यावर येते. 

याच कारणास्तव शौचकूप आणि न्हाणी एका खोलींत करण्याची जी रीत पडली आहे, ती मोठ्या कुटुंबाला अगदीं गैरसोयीची आहे असें माझें स्पष्ट मत आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेंत सर्वसाधारण घरासाठीं न्हाणीघर निदान १.८ चौरस मीटर, शौचकूप निदान १.१ चौरस मीटर, आणि दोन्ही एकत्र असल्यास निदान २.८ चौरस मीटर असावें असें सांगितलें आहे. आतां बेरीज करून पाहा. वेगवेगळीं केलीं तर २.९, एकत्र केलीं तर २.८. दोहोंत फरक एक-दशांश चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम एका चौरस फुटाचा! मधली भिंत आणि जास्तीचें एक दार यांचा खर्च धरला, तरी एवढ्यासाठीं सात माणसांना रोज ताटकळत ठेवणें हा कसला हिशेब? जेथें एकत्र खोली आहे आणि ती सहा-सात फूट लांब आहे, तेथें मध्यें भिंत घालून दुसरें दार काढतां येतें कीं काय, हें जाणत्या गवंड्यास अवश्य विचारावें. नळ आणि मैलापाण्याचे मार्ग हलवावे लागणार नसतील, तर हें काम वाटतें तितकें अवघड नसतें.

पाणी तापविण्याच्या साधनाविषयीं मात्र जागेचा विचार बाजूस ठेवून प्राणाचा विचार केला पाहिजे. विजेचा गीझर असेल तर तो दाराच्या वरच्या भिंतीवर बसवावा. ती जागा एरव्हीं रिकामीच असते. पंधरा लिटरच्या गीझरांत पाण्याचेंच वजन पंधरा किलो असतें, म्हणून तो भक्कम भिंतीवरच हवा. त्याचें बटन न्हाणीघराच्या बाहेर असावें, आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावें. परंतु गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघराच्या आंत कधींही बसवूं नये. जळण्यासाठीं तो खोलींतील प्राणवायु ओढून घेतो, आणि हवा अपुरी पडूं लागली कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघूं लागतो. त्याला रंग नाहीं, गंध नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट जडतो. मनुष्याला किंचित् डोकें दुखतें, गुंगी येते, आणि तो खालीं बसतो तो पुन्हा उठत नाहीं. आपण मघां मोजलेल्या खोलींत हवा ती किती? आठ फूट उंची धरली तर १९२ घनफूट! त्यांत थंडीच्या दिवसांत झडप घट्ट लावलेली. गॅसचा गीझर बाहेर मोकळ्या हवेंत टांगावा आणि नळीनें ऊन पाणी आंत आणावें. तें जमत नसेल तर तो घेऊंच नये. वाड्यांतल्या बंबाचा धूर मोकळ्या चौकांत जात असे. तोच बंब आजच्या बंद खोलींत पेटविला, तर तोही तितकाच घातक होईल.

फरशी गुळगुळीत आणि चकचकीत असावी ही हौस न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवावी. ओल्या पायांना शहाबादी फरशीची खरखर बरी. नव्या फरश्या घ्यावयाच्या तर खास न घसरणाऱ्या आणि आकारानें लहान घ्याव्या, कारण जितके सांधे अधिक तितकी पायाला पकड अधिक. उतार फुटाला पाव इंच पुरे. त्याहून अधिक दिला तर पाट डुगडुगतो. पाणी जाण्याच्या जाळीखालीं जें वांकडें भांडें बसवितात, त्याला देशभरचे कारागीर ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यांतील न्हाणी हा शब्द आपल्या घरांतलाच, याचा थोडा अभिमान वाटावयास हरकत नाहीं. त्या भांड्यांत सदैव थोडें पाणी तुंबून राहतें आणि तेंच गटाराची दुर्गंधि अडवितें. घर महिनाभर बंद राहिलें कीं तें पाणी आटून जातें. आल्याबरोबर एक तांब्या पाणी ओतलें म्हणजे काम झालें. पुष्कळजण या एका कारणावरून विनाकारण गवंड्याला बोलावतात.

वृद्धांसाठीं अगदीं थोडक्यांत सांगतों. जमिनीलगतच्या पाटावर बसणें सुटलें कीं सोळा-सतरा इंच उंचीची, रबरी पायांची बैठक द्यावी. भिंतीवर बसविलेली, घडी होणारी बैठकही मिळते. ती जागा अडवीत नाहीं. हात धरण्यासाठीं पोलादी दांडी विटांच्या भक्कम भिंतींत पक्की बसवावी. टॉवेल वाळत घालण्याची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. ती माणसाच्या भारानें हातांतच येते. कमोड बसविणार असाल तर त्याच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत पंधरा इंच तरी मोकळे सोडा. आणि आजोबा संध्याकाळनंतर पाणी पिण्याचें टाळूं लागले, तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर दिवा आहे कीं नाहीं तें पाहावें.

भिंतींना फिका रंग द्यावा, मोठा आरसा लावावा, म्हणजे खोली मोठी दिसते, असें हल्लीं सर्वत्र सांगतात. दिसते खरी. पण बादली आरशांत ठेवतां येत नाहीं.

गवंड्याला बोलावण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. दिवाणखान्यांतील सतरंजी काढून जमिनीवर खडूनें न्हाणीघराची आकृति पूर्ण मापानें काढावी. दार, नळ, जाळी, खुंट्या यांच्या जागा दाखवाव्या. आणि मग घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्यास, सर्वांत स्थूल मनुष्यास आणि लहान मुलाला न्हाऊं घालणाऱ्या मातेला त्यांत एकेकदां बसवून पाहावें. कोपर कोठें लागतें, तांब्या कोठवर पोंचतो, हें कागदावरच्या नकाशांत कधींच दिसत नाहीं. काम झाल्यावर, हिशेब चुकता करण्याच्या आधीं, जाळी बुजवून जमिनीवर दोन इंच पाणी पूर्ण दोन दिवस कोंडून ठेवावें, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं खालच्या बिऱ्हाडाची परवानगी घेऊन त्यांचें छत स्वतः पाहून यावें.