जुनी विजेची मोटारसायकल घेताना

गडहिंग्लजहून आजरा, पुढे आंबोलीच्या रस्त्याला पावसाळ्यात दुचाकी आतपर्यंत भिजते. जुनी विजेची मोटारसायकल बंद पडली की लोक आधी बॅटरीला दोष देतात. पुष्कळदा दुखणे हिरव्या पडलेल्या एखाद्या जोडात असते. म्हणून आम्ही सांगू, स्वस्तातल्या गोष्टी आधी पाहा. एमसीबी पडला आहे का? साइड स्टँडचा किंवा ब्रेकचा स्विच अडकला आहे का? ब्रेक दाबलेला आहे असे कंट्रोलरला वाटले तर तो मोटारीला वीज देतच नाही. दिवे-हॉर्नही बंद असतील तर १२ व्होल्टचा कन्व्हर्टर आणि त्याचा फ्यूज तपासावा.

दिवे लागतात पण चढाला गाडी धापा टाकते, तेव्हा मात्र बॅटरीवर संशय घ्यावा. २० सेल ओळीने जोडलेली ७२ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे ८४ व्होल्ट दाखवते. उभ्या गाडीत हा आकडा सगळेच दाखवतात! दोघे बसून चढ चढताना तो झपकन कोसळला, तर सेल थकले आहेत. बॅटरी घरी उघडू नये, आगीचा धोका असतो.

विकणाऱ्याने हा ऐब आधीच सांगावा, ऐब लपवलेल्या सौद्यात बरकत राहत नाही, अशी नबी (स.) यांची शिकवण आहे. आणि घेणाऱ्याने मूळ चार्जर व बिल तिथेच मागून घ्यावे.